‘काळाच घे’ असं मी म्हणालो

अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. ठिकाण — आमच्या गावचा पाझर तलाव, उन्हाळ्यानं तळापर्यंत कोरडा पडलेला. हजर माणसं तीन — मी, माझा चुलतभाऊ बबन आणि ट्रॅक्टरवाला रफिक. गाळाचं भाडं जवळच्या कोपऱ्यातून ट्रॉलीला सहाशे, लांबच्या टोकावरून साडेसातशे. एवढं मी कुणालाही सांगू शकतो, सांगितलेलंही आहे. त्या सकाळी मी बबनला काय म्हणालो आणि ते म्हणताना मला काय ठाऊक होतं, हे मात्र आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. देवापुढं हात जोडले तेव्हाही नाही — तिथंही अर्ध्यावरच थांबत आलो.

तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. गावात मला ओळखणारे फार आहेत, आणि ते सगळे मला सरळ माणूस समजतात.

आमचं गाव केजपासून जीपनं अर्ध्या तासावर. मी तिथल्या दूध संकलन केंद्राचा हिशोब बघतो. घरची सहा एकर आहे. वय बावन्न. फॅटच्या यंत्रावर जो आकडा येतो तोच मी लिहितो, मग दूध सख्ख्या मेव्हण्याचं असो. यात मोठेपणा नाही — मला चुकीचा आकडा सहनच होत नाही. जेवण जात नाही. पण चुकीचा आकडा आणि चुकीचा शब्द यांत मी फरक करत आलो, हे मला फार उशिरा कळलं.

आधी बंदराचं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तरुणपणी मी अकरा वर्षं किनाऱ्यावरच्या एका बंदरात होतो. बीडचा माणूस समुद्राकाठी काय करतो, असं तिथं सगळे हसून विचारायचे. जहाज आत यायला खोल पाणी लागतं. तळाशी गाळ साचतच राहतो, तो उपसावाच लागतो. उपसलेला गाळ कुठं टाकायचा हे ठरवण्याआधी त्यात कोणता धातू किती आहे ते तपासतात. ते काम करणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत मी होतो. होडीतून लोखंडी पंजा खाली सोडायचा, तो तळाचा घास घेऊन वर यायचा. पंजाला न लागलेला, मधला गाळ प्लास्टिकच्या चमच्यानं काढून डबीत भरायचा, डबीवर जागा लिहायची, बर्फात ठेवायची. मग वाळवायचा, चाळायचा, तोलायचा. शिसं, तांबं, जस्त, पारा — आकडे यंत्र काढायचं, मांडायचो मी.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट बोटांनाच कळायला लागते. रेताड माती धातू फारसा धरत नाही. बारीक, मऊ, लोण्यासारखा गाळ धरतो. जहाजांचे जुने रंग जिथं खरवडतात त्या धक्क्याखालचा गाळ सगळ्यात मऊ होता, आणि त्याचेच आकडे सगळ्यात वाईट यायचे. तो काढताना हातमोजे घालायचे आणि हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, असा नियम होता. नुसता काळा दिसला म्हणून गाळ विषारी ठरत नाही, हेही तिथंच शिकलो. काळेपणा म्हणजे पुरावा नव्हे. हे वाक्य पुढं माझ्या किती कामाला आलं!

वडिलांना अर्धांगवायू झाला आणि मी गावी परतलो. आता बबन.

बबन माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मला आण्णा म्हणतो. तो आणि त्याची बायको कौसा दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, पाडव्याच्या आसपास परत यायचे. त्याची तीन एकर माझ्या शेताला लागून, पण उताराची, नुसता मुरूम. आम्हा दोघांत एक बांध आहे. मी बंदरात असताना तो बांध माझ्या बाजूला हातभर सरकला — असं मला वाटायचं. बबननं सरकवला, असं वाटायचं. मोजणी आणली असती तर कळलं असतं. मी आणली नाही. का नाही आणली? आकड्यांवर एवढा विश्वास असलेल्या माणसानं हा एकच आकडा का काढला नाही? बहुतेक मला संशय हवा होता आणि मोजणीनं तो गेला असता. बबन हसला की वाटायचं, बांधावरनं हसतोय. कौसानं काकडी पाठवली की वाटायचं, आमच्याच मातीत पिकलेली दिसते. गावी परतल्यापासून मी हे कुणाला न बोलता सांभाळलं.

त्या उन्हाळ्यात तलाव आटला आणि ज्याला हवा त्यानं गाळ न्यावा असं ठरलं. आमच्याकडं गाळ बघायची एक रीत आहे. चिमूट घ्यायची, बोटांत चोळायची, वास घ्यायचा, लाडू वळून बघायचा. काळा हवा, मऊ हवा, लाडू फुटता कामा नये. तसला गाळ तलावाच्या एकाच कोपऱ्यात होता — भिंतीजवळ, रस्त्याच्या बाजूला, जिथं लहान ओढा येऊन मिळतो. लांबच्या टोकाला नुसता तांबूस, रेताड गाळ. त्याच्याकडं कुणी बघेना.

त्या लहान ओढ्याच्या वरच्या अंगाला तेव्हा पत्र्याची एक शेड होती. तिथं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. ॲसिडचं पाणी ओढ्यात सोडायचे. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पण पावसाचं पाणी येतं, धुऊन जातं, असं सगळे समजायचे. धुऊन कुठं जातं, हे फक्त मला माहीत होतं.

आदल्या संध्याकाळी मी एकटा त्या कोपऱ्यात जाऊन आलो. गाळ हातात घेतला. लोण्यासारखा. त्यात काळ्या जाड प्लास्टिकचा एक तुकडा निघाला, आणि हरभऱ्याएवढा एक राखाडी खडा — दिसण्यापेक्षा जड. त्यावर नख ओढलं. चकचकीत ओरखडा उठला. शिसं. तो खडा मी खिशात टाकला, घरी येऊन हात साबणानं धुतले आणि मगच भाकरीला हात लावला.

म्हणजे मला नक्की माहीत होतं. संशय नव्हता — आयुष्यात निदान एकदा तरी नव्हता.

सकाळी बबन आला. हंगामाचे पैसे कंबरेला, डोळ्यांत नुसता उजेड. रफिकच्या ट्रॅक्टरला टेकून मला म्हणाला, “आण्णा, तुमी बंदरात हेच काम केलंया. कुठला घिऊ सांगा. तुमी म्हनताल तो.”

माझ्याकडं एक क्षण होता. तो काही लहान नव्हता — तेवढ्यात रफिकनं तंबाखू मळून तोंडात टाकली. मी बबनकडं बघितलं आणि मला बांध दिसला. मी म्हणालो, “काळाच घे. काळ्यासारखा गाळ न्हाई.”

एवढंच. त्यानं विचारलं, मी उत्तर दिलं. त्या कोपऱ्यातला गाळ आणखी पाच-सहा जणांनी नेला. त्यांनाही मी काही बोललो नाही, तीही माझीच चूक. पण त्यांनी विचारलं नव्हतं. बबननं विचारलं होतं.

मी स्वतःसाठी तांबडा गाळ सांगितला. लांबच्या टोकाचा, दीडशे रुपये जास्त देऊन. रफिक थांबला. पाना पुसत पुसत म्हणाला, “आण्णा, तुमी हो? रुपाया ज्यादा मागितला म्हनून जीपमधून उतरनारे तुमी, आन दीडशे ज्यादा देऊन रेती नेताव? कावून?” मी म्हणालो, “माझी जमीन चोपण हाय, पानी मुरत न्हाई, मला रेताडच पायजे.” तो हसला. “आसंल बाबा. हिशोबी मानसाचं गणित आपल्याला न्हाई कळत.”

तेव्हापासून रफिक मला कधी भेटला की मी त्याचा चेहरा वाचत आलो. त्याला कळलं होतं का? तो जास्त बोलला तरी मला शंका, कमी बोलला तरी शंका.

बबननं रान गाळानं भरलं आणि उरलेला गाळ अंगणात ढीग करून ठेवला. कौसानं त्यातनं नवी चूल घातली, ओटा केला, भिंती लिंपल्या. त्यांची धाकटी पूनम तेव्हा चार वर्षांची. दिवसभर त्या ढिगावर. मी रस्त्यानं जाताना बघायचो. मान फिरवायचो. मग पोळा आला.

आमच्याकडं पोळ्याला पूजेला मातीचे बैल लागतात. भावकीत एकीनं करायचे आणि दुसऱ्या घरी द्यायचे, अशी आमच्या दोन घरांत जुनी चाल. त्या वर्षी कौसानं केले — त्याच गाळाचे. सुरेख झाले होते. शिंगांना गेरू, पाठीवर चुन्याचे ठिपके. पूनमच्या बोटांचे ठसे पोटाला तसेच दिसत होते. त्या दोघी बैल घेऊन आल्या आणि माझ्या धाकट्या पोरानं त्यातला एक उचलून गालाला लावला. मी ओसरीवरून उठलो, त्याच्या हातातून बैल हिसकावला, कोनाड्यात उंच ठेवला आणि पोराला मोरीत नेऊन हात, तोंड, पुन्हा हात धुतले.

कौसा माझ्याशी कधी थेट बोलत नाही, मी तिचा थोरला भासरा. ती माझ्या बायकोकडं बघून बोलली, पण मला ऐकू येईल अशी. “आक्का, आमच्या हातचे बैल बी चालंनात का आता? हातभर बांधासाठी लेकराच्या हातचं इटाळलं?”

म्हणजे तिला ठाऊक होतं. माझ्या मनात काय आहे ते त्या दोघांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं, आणि तरी ती काकडी पाठवत होती.

मी तेव्हा काय करायला हवं होतं, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. पूनम उंबऱ्यात उभी होती. हाताला वाळलेली माती होती. अंगठा तोंडात. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं — बांधाचं नाही गं, मातीचं आहे. पण तसं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — तुमाला कधी कळलं? मी भांडखोर ठरणं पत्करलं. कोत्या मनाचा ठरलो तरी चालेल, खोटा ठरायला नको — हा हिशोब मी त्या उभ्या जागी केला. आणि पोरगी अंगठा चोखत आईच्या मागं निघून गेली.

त्या वर्षी बबनचं रान कधी नव्हे ते पिकलं. मुरमावर कापूस कंबरेला लागला. दिवाळी झाली तरी तो हलला नाही, ऊसतोडीच्या मुकादमाला सांगून टाकलं, “यंदा कोयता न्हाई.” त्याच्या बापानं हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. त्यानं म्हैस घेतली आणि दूध माझ्याच केंद्रावर घालायला लागला. मी मनाशी म्हणायला लागलो — बघ, चांगलंच झालं की. काळेपणा म्हणजे पुरावा नव्हे. खिशातला खडा मी केव्हाच विहिरीत टाकला होता.

म्हैस दुसऱ्या उन्हाळ्यात गेली. ती त्या ढिगाशेजारीच बांधलेली असायची, चाटायची. आधी चारा सोडला, मग दात खायला लागली, मग डोळ्यांनी दिसेना. भिंतीला कपाळ लावून रेटत उभी राहायची. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, पोटात काहीतरी विषारी गेलंय. बबननं विचार केला आणि त्याला एकच माणूस सुचला. बांधावरून मनात अढी धरणारा. त्याच्या पोरीच्या हातचे बैल हिसकावणारा.

मारुतीच्या पारावर चार माणसांसमोर तो म्हणाला, “माझ्या म्हशीला इख आण्णानंच घातलं.”

त्याचा संशय माणसाबद्दल बरोबर होता. फक्त कसं, ते चुकलं होतं. आणि त्या चुकीनं मला वाचवलं. कारण म्हशीच्या तोंडात मी खरंच काही घातलं नव्हतं. मी मान वर करून तसं म्हणू शकलो, म्हणालो. बाकीचं काम गावानं केलं. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं बबनला झापलं, “बे, ज्यानं दुधातलं एक फॅट कधी कुनाचं मारलं न्हाई, तो म्हशीला इख घालंल? जीभ हासडाया पायजे तुझी. पाया पड त्याच्या.” कुणीतरी हसलं, “पड पड, न्हाईतर उद्या तुझ्या दुधाला पानी म्हनून लिवतील.” सगळे हसले. मीही थोडा.

बबन खाली वाकला. “चुकलं आण्णा,” म्हणाला. मी त्याला उठवलं, पाठीवर हात ठेवला, “जाऊ दे, तापलेलं मानूस बोलतं” असंही म्हणालो. हे मी करू शकलो! आजही त्या दुपारचा विचार केला की गाळापेक्षा मला तीच जास्त आठवते — माझा आवाज किती समजूतदार होता.

नंतर दोन वर्षं गेली. पूनम शाळेत जायला लागली होती. पोटात दुखतं म्हणायची, फिकट दिसायची. मास्तर म्हणायचे, आज शिकवलेलं उद्या विसरते. एकदा बबन केंद्रावर आला, दुसऱ्या म्हशीचं विचारायला, आणि बोलता बोलता म्हणाला, “पोरीचं डोस्कं न्हाई चालत आण्णा. तिच्या बी नशिबी कोयताच दिसतोय.” तो हे हसत म्हणाला. मी त्या दिवशी फॅटचा एक आकडा चुकीचा लिहिला. बावीस वर्षांतला पहिला असेल.

मग मी बोललो. पण काय बोललो तेही ऐका. मी म्हणालो, “परवा पेपरात वाचलं, बॅटरीच्या शेडखालचा गाळ वाईट असतो म्हने. पोरीचं रक्त तपासून घिऊ.” परवा! पेपरात! शेड तोवर कधीच उठून दुसरीकडं गेली होती. मी बापलेकीला घेऊन शहरात गेलो, रक्त दिलं, अंगणातली माती माझ्या जुन्या पद्धतीनं डबीत भरून तपासायला दिली. दोन्हीचे निकाल आले. रक्तातला आकडा इथं सांगत नाही. तो तिचा आहे, त्याच्यावर माझा हक्क नाही. डॉक्टर म्हणाले, आधी ती माती घरातून काढा, औषध देतो, पुन्हा तपासू. जे झालंय त्यातलं किती भरून येईल, ते सांगता येत नाही. पोरीचं विसरणं या मातीमुळंच का, हेही ते ठामपणे म्हणाले नाहीत. मीही म्हणत नाही. पण आता ‘पुरावा नव्हे’ हे शब्द माझ्या तोंडातून निघत नाहीत.

गाळ नेलेल्या बाकीच्यांनाही मग सांगितलं — तेही ‘पेपरात वाचलं’ म्हणूनच. चूल फोडली, ओटा खणला, भिंती खरवडल्या. रफिकनं सगळं ट्रॉलीत भरून जुन्या खाणीच्या खड्ड्यात टाकलं, वर मुरूम दाबला. शेवटची ट्रॉली भरताना तो कपाळ पुसत म्हणाला, “आण्णा, तुमचा तांबडाच बरा निघाला की.” मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. किंवा सगळं होतं.

रानातला गाळ कोण काढणार? तो तिथंच आहे. मी म्हणालो, कापूस घे, फक्त भाजीपाला नको. पण कौसाला आता ती मातीच नको झाली. यंदा दिवाळी झाल्यावर दोघं पुन्हा ऊसतोडीला निघाले. पूनमला शाळेतून काढून बरोबर घेतलं.

निघताना ते माझ्याकडं आले. वाटेला लागण्याआधी घरातल्या मोठ्याच्या पाया पडून जायची रीत आहे. ट्रक फाट्यावर उभा होता, मुकादम हॉर्न वाजवत होता. बबन पाया पडला. कौसा पदर डोक्यावर घेऊन लांबूनच वाकली आणि पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलली. “आण्णा, तुमी व्हता म्हनून पोरगी वाचली. म्या तुमाला काय काय बोलले, मनात ठिवू नका.” मग पोरीला पुढं ढकललं. “पड, आण्णाकाकाच्या पाया पड.”

पूनम वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. शिकून मोठी हो, म्हणालो.

तपासणीचे पैसे मी प्रयोगशाळेला दिले. गाळ हलवायचं भाडं रफिकला दिलं, दर त्यानं सांगितला तोच. बबनला काहीही दिलेलं नाही. त्याचं काय देणं लागतो, ते त्याला अजून सांगितलेलंही नाही.